नगराच्या कारभारांत सल्ल्याचें मोल
(महोत्सवी सभेंत झालेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आमच्याकडे सोंपविलेला विषय देवळांतला नाहीं, नगरांतला आहे. नगराला वीज कोठून यावी, पाणी कसें राखावें, इंधन किती जाळावें, याविषयीं नगरवासीयांनीं आपल्या कारभाऱ्यांस सल्ला द्यावा काय, आणि दिला तर त्या सल्ल्याचें चीज कसें व्हावें, हा तो विषय. महोत्सव म्हणजे मागल्या पिढ्यांनीं काय राखून ठेविलें याचा आढावा. तेव्हां पुढल्या पिढ्यांसाठीं आपण काय राखणार, हें अशा दिवशीं विचारणें अप्रस्तुत होणार नाहीं, अशी आमची समजूत आहे.

सल्लागार मंडळ म्हटलें कीं पुष्कळांच्या मनांत एक शंका उभी राहते. ज्याच्या हातीं तिजोरी नाहीं आणि ज्याला हुकूम सोडण्याचा अधिकार नाहीं, त्याच्या बोलण्याला किंमत ती काय? चार प्रतिष्ठित मंडळी जमावीं, चहापान व्हावें, ठराव लिहिला जावा आणि तो दप्तरांत पडून राहावा, याहून निराळें काय होणार? शंका रास्त आहे. तिचें उत्तर नुसत्या युक्तिवादानें देण्यापेक्षां एका नगराच्या अनुभवानें द्यावें, म्हणून आम्ही आपणांस थोडा वेळ जर्मनीस नेतों.

त्या देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत, ब्लॅक फॉरेस्ट नांवाच्या डोंगराळ अरण्याच्या पायथ्याशीं फ्रायबुर्ग नगर वसलेलें आहे. वस्ती सुमारें २ लाख ३० हजार. आर्चबिशपांचें तें पीठ असून तेथील कॅथेड्रलचा मनोरा ११६ मीटर उंच आहे. दि. २७ नोव्हेंबर १९४४ रोजीं विमानांनीं केलेल्या बाँबवर्षावांत जुनें नगर बहुतांशीं जमीनदोस्त झालें, मनोरा मात्र उभा राहिला. युद्धानंतर लोकांनीं नगर पुन्हां बांधलें तें जुन्या रस्त्यांचा आराखडा धरूनच, आणि मध्ययुगापासून रस्त्यांच्या कडेनें वाहणारे पाण्याचे अरुंद पाटही त्यांनीं बुजविले नाहींत. ते आजही वाहत आहेत.

या नगराजवळ, ऱ्हाईन नदीच्या कांठीं वील नांवाचें गांव आहे. तेथें अणुवीजकेंद्र उभारण्याचा बेत सरकारनें केला. आसपासचे लोक द्राक्षमळ्यांवर जगणारे. केंद्राच्या प्रचंड शीतक मनोऱ्यांतून निघणाऱ्या वाफेनें धुकें दाटेल, ऊन अडेल आणि वेलींस रोग जडेल, अशी त्यांस धास्ती पडली. दि. १८ फेब्रुवारी १९७५ रोजीं ते त्या जागेवर जाऊन बसले. शेतकरी, त्यांच्या बायका, विद्यार्थी, धर्मोपदेशक असे सर्व थरांतले लोक त्यांत मिळाले. केंद्र अखेर उभें राहिलेंच नाहीं, आणि १९९५ सालीं ती जागा निसर्गरक्षित म्हणून घोषित झाली.

येथवरची कथा आम्हां वसईकरांस परकी वाटणार नाहीं. १९८९ सालीं हरित वसईच्या रक्षणासाठीं आपल्याकडील हजारों लोक रस्त्यावर उतरले होते, हें या सभेंतील अनेकांच्या स्मरणांत असेल. परंतु आमचें लक्ष वेधून घेतलें तें पुढच्या गोष्टीनें. "नको" म्हणून झाल्यावर फ्रायबुर्गच्या लोकांस दुसरा प्रश्न टाळतां आला नाहीं. हें नको, तर दिवे कशावर लावणार?

या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत त्यांचीं पुढलीं कित्येक वर्षें गेलीं. १९८१ सालीं त्या नगरांत सौरशक्तीच्या संशोधनाची एक संस्था निघाली. फ्राउनहोफर संस्थांपैकीं ती एक असून आज तिची कीर्ति जगभर आहे. एप्रिल १९८६ मध्यें चेर्नोबिलचा अपघात झाला आणि त्याच वर्षीं नगरसभेनें अणुशक्तीपासून दूर होण्याचें धोरण ठरविलें. त्या धोरणाच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली पायरी काटकसरीची: जी वीज व उष्णता वायां जाते ती आधीं वांचवावी. दुसरी कार्यक्षमतेची: वीज निर्माण करतांना जी उष्णता फुकट जाते तीच नळांवाटे घरें उबदार ठेवण्यास न्यावी. तिसरी अक्षय ऊर्जेची: सूर्य, वारा, पाणी यांचा उपयोग करावा. हा क्रम आपण नीट ध्यानांत घ्यावा. गळक्या घड्यांत कोणत्याही विहिरीचें पाणी ओतलें तरी घडा भरत नाहीं.

हें धोरण कागदावर राहिलें नाहीं. नगराच्या मालकीच्या जमिनीवर जो कोणी घर बांधील, त्यानें तें कमी उष्णतेंत भागेल असेंच बांधलें पाहिजे, असा नियम १९९२ सालीं झाला. त्याच वर्षीं फ्रेंच फौजेनें वोबान नांवाची छावणी सोडली. त्या रिकाम्या जागेवर नवी वसाहत बांधतांना रहिवाशांच्या एका संस्थेनें आराखड्याच्या प्रत्येक टप्प्यावर विचारविनिमय घडवून आणिला. तेथून जवळच पुढें ५९ घरांची अशी एक वसाहत झाली, कीं तीं घरें वर्षभरांत जितकी ऊर्जा खर्चितात तिच्याहून अधिक छपरांवर उत्पन्न करितात.

आतां सल्लागार मंडळाकडे वळूं. २००६ सालीं फ्रायबुर्गनें शाश्वततेविषयींचें एक मंडळ नेमलें. त्यांत नगरसभेंतील पक्ष, विद्वान, उद्योजक आणि नागरिकांच्या संस्था यांचे मिळून ४० सभासद होते. मंडळाला हुकूम देण्याचा अधिकार नव्हता. त्याचें काम विचार करून नगरसभेपुढें मांडणें एवढेंच. त्याच्या साह्यानें १२ विषयांतील ६० उद्दिष्टें तयार झालीं आणि २००९ सालीं नगरसभेनें तीं मान्य केलीं. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१५ सालीं जगासाठीं १७ ध्येयें ठरविल्यावर, २०१७ सालीं त्यांच्या प्रकाशांत तीं उद्दिष्टें पुन्हां तपासण्यांत आलीं.

सारेंच सुरळीत झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. १९९२ च्या मानानें २०१० पर्यंत कर्बवायूचें उत्सर्जन २५ टक्क्यांनीं घटवूं, असा निश्चय नगरसभेनें १९९६ सालीं केला होता. तो मुदतींत पुरा झाला नाहीं. २००३ सालीं नगराच्या हद्दींतील डोंगरांवर सहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हां अरण्याची शोभा बिघडली म्हणून वादही माजला. परंतु आमच्या मतें या नगराचा खरा मोठेपणा याच ठिकाणीं दिसतो. निश्चय आंकड्यांत लिहिलेला होता, म्हणून तो पुरा झाला नाहीं हें सर्वांस कळलें. "पर्यावरणाचें रक्षण करूं" एवढेंच लिहिलें असतें, तर तें झालें कीं न झालें हें कोणास कधींच सांगतां आलें नसतें.

यावरून मघाच्या शंकेचें उत्तर निघतें. सल्लागार मंडळाचें बळ हुकुमांत नसतें, तें हिशेबांत आणि स्मरणांत असतें. निवडून आलेले सभासद पांच वर्षांनीं बदलतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, योजनांची मुदत संपते. नगराचें देणें मात्र राहतें. गेल्या वर्षीं काय ठरलें होतें, त्यांतलें काय झालें, काय राहिलें, असें दरवर्षीं सभ्य भाषेंत पण न विसरतां विचारणारें कोणी तरी असावें लागतें. तेवढें काम मंडळानें चोख केलें तर त्याला अधिकार नसल्याची उणीव फारशी भासत नाहीं.

आतां स्वगृहीं येऊं, कारण हा विषय आपल्या दाराशीं येऊन ठेपला आहे. आपल्या राज्यघटनेंत १९९२ सालीं ७३ वी व ७४ वी अशा दोन दुरुस्त्या झाल्या. पहिलीनें ग्रामपंचायतींसाठीं २९ विषयांची यादी दिली, दुसरीनें नगरपालिकांसाठीं १८ विषयांची. ग्रामपंचायतींच्या यादींत "अपारंपरिक ऊर्जास्रोत" हा विषय स्पष्ट शब्दांत आहे, वीजवाटपही आहे. नगरांच्या यादींत पर्यावरणाचें रक्षण आहे, रस्त्यावरील दिवे आहेत, परंतु ते दिवे कोणत्या शक्तीवर लागावे याचा उल्लेख नाहीं. जुलै २००९ मध्यें वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि आपलीं अनेक गांवें नगराच्या हद्दींत गेलीं. जो विषय गांवाच्या यादींत होता, तो नगराच्या यादींत उरला नाहीं. यानें नगराला मनाई होत नाहीं; पण जें काम कोणाच्याच नांवावर लिहिलेलें नाहीं, तें कोणी तरी आपलें म्हणावें लागतें.

वरून कांहींच येत नाहीं असेंही नाहीं. केंद्र सरकारनें २००८ सालीं सौर नगरांची योजना काढली. नागपूर, ठाणें अशीं आपल्या राज्यांतील कांहीं नगरें तींत होतीं, आणि पांच वर्षांत पारंपरिक ऊर्जेची अपेक्षित मागणी निदान १० टक्क्यांनीं कमी करावी असा तिचा हेतु होता. ऑक्टोबर २०२० मध्यें राज्य सरकारनें "माझी वसुंधरा" अभियान सुरू करून पंचमहाभूतांच्या नांवानें गांवें व नगरें यांची कामगिरी तपासण्यास आरंभ केला. हे उपक्रम स्तुत्य आहेत. परंतु योजना मुदतीची असते आणि स्पर्धा बक्षिसापुरती. त्यांच्यामागें राहून हिशेब ठेवणारें घर नगरांतच बांधलें पाहिजे.

असा हिशेब न ठेवल्यानें काय होतें, हें आपल्या बावखळांस विचारावें. आपल्या पूर्वजांनीं खणलेलीं हीं बावखळें पावसाचें पाणी धरून ठेवीत, वाडीला ओलावा देत आणि विहिरींचें पाणी गोडें राखीत. त्यांतलीं पुष्कळ एकेक करून बुजलीं. एकही बुजवितांना कोणास आपण मोठें अहित करीत आहों असें वाटलें नसेल. एकंदर किती उरलीं याची मोजदाद मात्र कोणाच्या हातीं नव्हती. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत आपला परिसर जलमय झाला, घरांत पाणी शिरलें, वीज बंद पडली. त्यानंतर पुराच्या कारणांचा अभ्यास महानगरपालिकेनें मुंबईची आयआयटी व नीरी या संस्थांस सोंपविला. तज्ज्ञांचा सल्ला मिळणें इष्टच. पण त्या सल्ल्याचें पुढें काय झालें, हें दरसाल विचारणें नगरवासीयांचें कर्तव्य आहे.

म्हणून असें मंडळ आपल्याकडे झालें, तर त्यानें पहिल्या वर्षीं चार साधे प्रश्न घ्यावे असें आम्ही सुचवितों. नगराचे दिवे, पाण्याचे पंप आणि कचेऱ्या मिळून वर्षाला किती युनिट वीज खातात? नवे सौरसंच बसविण्यापूर्वीं जुने दिवे व जुने पंप बदलून किती वीज वांचेल? कोणत्या शाळा, दवाखाने व सभागृहें यांच्या छपरांवर संच बसूं शकतील? आणि किती बावखळें, तळीं व नाले अद्याप जिवंत आहेत? यांतल्या एकाही प्रश्नाला मोठा खर्च नाहीं. वही लागते, आणि चिकाटी लागते.

मंडळानें लोकांस खरी माहितीही द्यावी. एक किलोवॅटच्या संचास सुमारें १० चौरस मीटर जागा लागते आणि तो दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतो. पावसाळ्यांत अर्थातच कमी. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें जाहीर केलेल्या योजनेंत ३ किलोवॅटच्या घरगुती संचास ७८,००० रुपये साह्य ठेविलें आहे. परंतु भाड्याच्या खोलींत राहणाऱ्यास स्वतःचें छप्पर नाहीं. त्याच्या वांट्याला काय येणार, हें मंडळानें विचारलें पाहिजे. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. बाहेरची वीज गेली कीं छपरावरील साधा संच आपोआप बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या कामगारास धक्का बसूं नये म्हणून तशी योजनाच केलेली असते. म्हणजे २०१८ सारख्या पुरांत, डोक्यावर ऊन असूनही, असें घर अंधारांत राहील. त्यासाठीं वीज सांठविणारी बॅटरी व तशी खास जोडणी लागते. ती प्रत्येकास परवडणार नाहीं. पण प्रत्येक वस्तींतील एका शाळेवर किंवा सभागृहावर ती असली, तर संकटाच्या रात्रीं आजाऱ्याचें औषध थंड राहील आणि वाट चुकलेल्यास एक दिवा दिसेल. हा विचार पूर येण्यापूर्वीं करावयाचा असतो.

शेवटीं, अशा मंडळावर कोणीं बसावें? केवळ वजनदार मंडळींनीं नव्हे. वाडी पिकविणारा शेतकरी, समुद्रावर जाणारा कोळी, तारा जोडणारा कारागीर, शाळेंतील शिक्षिका, आणि महिन्याचें विजेचें बिल ज्या गृहिणीच्या हातून भरलें जातें ती, अशांनीं बसावें. त्यांचें एकमत व्हावें असा आमचा आग्रह नाहीं. त्यांनीं एका टेबलाशीं बसून एकच हिशेब पाहावा, एवढें पुरे आहे.

आपल्या लोकांस निषेध करतां येतो, हें आपण एकदां दाखवून दिलें आहे. त्याहून कठीण काम शांतपणें, दरवर्षीं, वही उघडून बसण्याचें आहे. त्यास टाळ्या पडत नाहींत. परंतु तें झालें, तर या धर्मग्रामाच्या पुढल्या महोत्सवास जमणारीं मुलें गोड्या पाण्याच्या विहिरीकांठीं उभीं असतील. तो लाभ त्यांस घडो, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतों.