सायकल कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला सायकलवर बोलायला सांगितले, कारण गेली चार वर्षे मी या गावच्या पावसात सायकलवरून कामाला जाते हे तुम्ही पाहता आहात. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी सायकलवर बसले तेव्हा काहीजणी हसल्या होत्या. मी ते मनावर घेतले नाही. लहानपणी साताऱ्याला तासाच्या भाड्याने सायकल आणून, दांडीखालून पाय घालून मी शिकले होते. पडण्याची सवय होती! पण आज मला बोलायचे आहे ते पडण्याविषयी नव्हे, पैशांविषयी.

इंग्लंडात १९९९ च्या अर्थकायद्याने एक सवलत दिली. कामावरच्या मालकाने सायकल विकत घ्यायची आणि नोकराला वापरायला द्यायची. नोकराने तिचे भाडे पगारातून कापून द्यायचे. ही रक्कम कर लागण्यापूर्वीच कापली जाते, म्हणून तेवढ्या पगारावर प्राप्तिकर नाही आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणीही नाही. अट एवढीच, की सायकलचा निम्म्याहून अधिक वापर कामावर जाण्यायेण्यासाठी असावा. हेल्मेट, दिवे, कुलूप हेही त्यात घेता येते. रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावणे येथे कायद्याने सक्तीचे आहे, तेव्हा दिवे विसरू नका.

आता हिशेब मांडू या, कारण हिशेबात आपण बायका कोणाला हार जात नाही. सामानासकट सायकल ६०० पौंडांची धरा. बारा महिन्यांत दरमहा ५० पौंड कापले जातील. आजच्या दराने २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के विमा वाचतो, म्हणजे हातात येणारा पगार ३६ पौंडांनीच कमी होतो. वर्षाचे झाले ४३२. वाचले १६८ पौंड.

येथवर ऐकून मी भुलले आणि सही केली. आमच्या कचेरीत मला सांगितले होते, “वर्ष झाले की सायकल तुमचीच.” वर्ष झाले आणि पत्र आले, की सायकल तुमची नाही! ती भाड्याची होती. ती पुढे तुम्हाला मिळेल असे आधी करारात लिहिताच येत नाही. लिहिले तर ते भाडे न राहता विक्री ठरते. शेवटी ती घ्यायची तर तिची त्या वेळची किंमत द्यावी लागते. करखात्याच्या कोष्टकाप्रमाणे ५०० पौंड किंवा अधिक किमतीची सायकल एक वर्षाची झाली, तर ती मूळ किमतीच्या २५ टक्के धरतात. म्हणजे १५० पौंड! मग १६८ मधून उरले काय? १८ पौंड.

त्या रात्री मला झोप आली नाही. सुदैवाने दुसरी वाट होती. आणखी तीन वर्षे सायकल भाड्यावरच ठेवायची, त्यासाठी दरमहा काही द्यायचे नाही आणि चार वर्षांनी किंमत ७ टक्के धरायची, म्हणजे ४२ पौंड. मी ती वाट धरली. गेल्या महिन्यात सायकल खऱ्या अर्थाने माझी झाली. तेव्हा भगिनींनो, सही करण्यापूर्वी विचारा: वर्षानंतर काय? मध्येच नोकरी सोडली तर काय? पगार कागदोपत्री कमी झाला, की बाळंतपणाच्या रजेचा भत्ता आणि पेन्शन यांवर परिणाम होईल का? घरात पाळणा हलायचा असेल तर हे अवश्य विचारा.

आता मुख्य गोष्ट. माझे ऐकून आपल्याच मंडळातली एक मैत्रीण आपल्या कामावर अर्ज करायला गेली. तिची परवानगी घेऊन हे सांगते. ती पहाटे पाचला सफाईच्या कामाला लागते. तेवढ्या लवकर बस नाही. हिवाळ्यात अंधारात चाळीस मिनिटे चालत जाते. सायकलची खरी गरज कोणाला असेल तर तिला. तिला नकार मिळाला. कारण तिचा पगार किमान वेतनाइतकाच आहे आणि पगार किमान वेतनाखाली जाईल अशी कपात कायद्याने करता येत नाही. कायदा तिच्या रक्षणासाठी केलेला आहे, त्याला मी नावे ठेवत नाही. पण घराच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण आज तिचीच वाट अडवते आहे. ज्याला ४० टक्के कर भरावा लागतो, त्याचे या योजनेत १०० पौंडांमागे ४२ वाचतात, माझे २८, आणि तिचे काहीच नाही. ज्याचे अधिक, त्याला अधिक!

कायदा बदलणे आपल्या हाती नाही. खासदाराला पत्र जरूर लिहू. पण पत्राचे उत्तर येईपर्यंत हिवाळा येईल. आपल्या हाती एक जुनी गोष्ट आहे, ती आपल्या आयांनी चालवली: भिशी. दहाजणींनी दरमहा ३० पौंड काढले तर दर महिन्याला ३०० पौंड जमतात. तेवढ्यात दुरुस्त केलेली चांगली जुनी सायकल, दिवे आणि कुलूप येईल. भिशीत कर वाचणार नाही हे खरे. पण सायकल पहिल्या दिवसापासून तिची, आणि वर्षाअखेर कोणाचे पत्र यायचे नाही.

माझे ३० पौंड मी आज आणले आहेत. आणखी नऊजणी हव्यात. इतर भिश्यांत चिठ्ठ्या टाकतात; या भिशीत पहिला नंबर चिठ्ठीवाचून तिला द्यावा, एवढी माझी विनंती आहे. चालवायला शिकवायचे काम माझे. रविवारी सकाळी मैदानावर या. पडण्याची भीती बाळगू नका, मी पुष्कळ पडले आहे.