घरातील कामाची खोली आणि मुलांची सुरक्षितता



सुरत शहराशी खानदेशाचा संबंध जुना आहे. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे कामधंद्यासाठी तेथे गेली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत स्थायिक झाली. पुरुषमंडळी यंत्रमागावर वा छपाईच्या गिरणीत जातात. अनेक स्त्रिया घरी बसून साड्यांना लेस लावणे, खडे-टिकल्या चिकटविणे, सुटे धागे कापणे अशी कामे नगाप्रमाणे मजुरीवर करतात. या कामासाठी घरातील एखादी खोली कशी योजावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

इतक्या दाट वस्तीत मोकळी खोली म्हणजे चैनच, असे कोणी म्हणेल. ते खोटेही नाही. तथापि भाडेकरू गेल्यावर किंवा वर मजला चढविल्यावर एखादी खोली रिकामी होते, तिच्यात अडगळ साचते आणि काम मात्र स्वयंपाकघरातच चालू राहते. चिकटद्रव्याचा डबा शेगडीशेजारी आणि रांगते मूल दोहोंच्या मध्ये, हे दृश्य भयावह आहे. अशा अनेक द्रव्यांची वाफ चटकन पेट घेते. म्हणून पहिली गोष्ट ही, की खडे चिकटविण्याचे काम खिडकी असलेल्या खोलीत व विस्तवापासून दूर हलवावे. स्वतंत्र खोली नसेल तेथे एक कोपरा लाकडी कठड्याने वेगळा केला तरी पुष्कळ साधते.

खोलीच्या दाराला कडी वरच्या बाजूस असावी. कात्र्या खिळ्याला उंच टांगाव्यात. सुया मोजून घ्याव्यात व मोजून ठेवाव्यात. हरवलेली सुई लोहचुंबकाने लगेच सापडते. खडे व मणी झाकणाच्या डब्यातच असावेत, कारण लहान मूल हाती आलेली वस्तू तोंडात घालते आणि ती घशात अडकते. खेळण्यातील किंवा घड्याळातील चपटा सेल गिळला गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. चिकटद्रव्य पोटात गेल्यास ओकारी काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

शिलाईयंत्राची मोटर काम थांबताच बटणाने नव्हे, तर प्लग काढून बंद करावी. गळती होताच वीजप्रवाह तोडणारे उपकरण मुख्य फलकावर बसविणे थोडे खर्चाचे असले तरी टाळण्याजोगे नाही. साड्यांचे गठ्ठे छातीच्या वर रचू नयेत आणि कपाट भिंतीला जखडावे. बाळाची झोळी नजरेच्या टप्प्यात असावी, पण यंत्राच्या किंवा गठ्ठ्यांच्या वर नसावी. सुरतेत आणखी एक दक्षता हवी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून मोठा विसर्ग झाल्याने शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. म्हणून तापीकाठच्या सखल वस्तीत वीजजोडण्या व माल उंचावर ठेवणे इष्ट.

काही कामे मात्र कोणत्याही खोलीत सुरक्षित होऊ शकत नाहीत. जरीच्या धंद्यात सोन्याचा मुलामा देण्यासाठी सायनाइडयुक्त द्रावण वापरले जाते; त्याला घरात थारा देऊ नये.

यापेक्षा नाजूक प्रश्न वेगळाच आहे. खोली नीटनेटकी झाली की शाळेतून आलेले मूल तेथे बसते आणि हळूहळू त्याचेही हात कामाला लागतात. बालकामगार प्रतिबंधक कायदा १९८६ चा असून त्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी आहे. शाळेची वेळ सोडून किंवा सुटीत कुटुंबाच्या व्यवसायात, धोक्याचे नसलेल्या कामात, मदत करण्याची तेवढी मुभा आहे. ही मुभा सैल आहे. संध्याकाळी दोन तास धागे कापणारे मूल कागदोपत्री कुटुंबाला मदत करीत असते. प्रत्यक्षात ते व्यापाऱ्याचे नग पुरे करीत असते. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. तेथील शिक्षकांनी मुलाच्या बोटांवरील चिकटद्रव्याचे डाग व वर्गातील पेंग यांकडे लक्ष द्यावे, आणि पालकांशी रागाने न बोलता मजुरीचा दर विचारावा. बहुधा दर इतका अल्प असतो, की आईच्या एकटीच्या हातांनी दिवस भागत नाही.

यासाठी खोलीत एक वही असावी. किती नग आले, किती गेले, दर काय ठरला आणि पैसे कोणत्या तारखेस मिळाले, हे तीत रोज लिहावे. आईला लिहिता येत नसल्यास ही नोंद मुलाने करावी. त्या खोलीतील तेवढे काम त्याच्या वाट्याला यावयास हरकत नाही.