गर्भगिरीच्या सिद्धविद्या

अहिल्यानगर शहराच्या पूर्वेस पाथर्डीच्या बाजूला जी डोंगरांची ओळ पसरत गेली आहे, तिला परंपरेनें गर्भगिरि असें नांव आहे. हे डोंगर उंचीनें मोठे नाहींत. पावसाळा सरला कीं त्यांच्या उतारांवर खुरटें गवत आणि उघडा खडक यांवांचून विशेष कांहीं दिसत नाहीं. परंतु चमत्कारकथांची जेवढी दाटी या ओळींत आहे, तेवढी महाराष्ट्राच्या फार थोड्या भागांत आढळेल. मढीस कानिफनाथांची समाधि आहे. डोंगराच्या कुशींत वृद्धेश्वराचें देवालय आहे. ओळ ओलांडून बीड जिल्ह्याच्या हद्दींत शिरलें कीं सावरगांवाजवळ मच्छिंद्रनाथांचें मायंबा हें स्थान लागतें. आणि शहराजवळ मांजरसुंब्यास गोरक्षनाथांचा गड आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीची यात्रा चालते. तेथें गाढवांचा बाजार भरतो, भटक्या जमातींचे लोक दूरदूरहून येतात, आणि नवनाथांच्या कथा पुन्हा एकदां सांगितल्या जातात.

या कथा ऐकणारा चमत्कार ऐकतो. त्यामागचा नियम तो बहुधा ऐकत नाहीं. जादू म्हणजे वाटेल तें घडवणें, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक ज्या ज्या जगांत जादूची कल्पना रंगविली गेली, त्या त्या जगांत तिला कायदेहि घातले गेले. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा कल्पित जगाचा एक खेळ प्रसिद्ध केला. त्यांतील जादूगारानें मंत्र आधीं पाठ करावयाचा; तो एकदां योजला कीं स्मरणांतून पुसला जावयाचा; पुन्हा हवा असल्यास पुन्हा पाठ करावयाचा. पुढें त्याच खेळांत या विद्येच्या आठ शाखा पाडण्यांत आल्या. रक्षण करणारी एक, भ्रम पाडणारी दुसरी, वस्तूचें रूप पालटणारी तिसरी, याप्रमाणें प्रत्येकीचें काम वेगळें ठरलें. शक्ति येते कोठून, ती चालते कशी, आणि तिच्यासाठीं मोजावें काय लागतें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ठरल्यावांचून खेळ चालत नाहीं आणि कथाहि रंगत नाहीं.

भारतांत हे प्रश्न फार जुने आहेत. पतंजलीच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादाचा आरंभच सिद्धींच्या उगमापासून होतो. जन्म, औषधि, मंत्र, तप आणि समाधि असे पांच उगम तेथें सांगितले आहेत. या पांच वाटा हातीं घेऊन नगर जिल्ह्यांत फिरलें, तर जवळजवळ प्रत्येक वाटेची एकेक कथा गांवाच्या नांवानिशीं सांपडते.

नाथकथांचा महाराष्ट्रांत सर्वांत अधिक वाचला जाणारा ग्रंथ म्हणजे मालुकवीचा ‘नवनाथ भक्तिसार’. तो शके १७४१ मध्यें, म्हणजे इ. स. १८१९ सालीं पुरा झाला; त्याचे अध्याय चाळीस आहेत. त्यांत नऊ नारायण नऊ नाथांच्या रूपानें अवतरतात, आणि बहुतेकांचे जन्म मनुष्ययोनीच्या रीतीबाहेरचे असतात. मच्छिंद्र मत्स्याच्या उदरीं, जालंदर यज्ञाच्या अग्नींत, कानिफ हत्तीच्या कानांत. ही जन्माची सिद्धि होय. परंतु ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, जन्मानें लाभलेल्या या सामर्थ्यावर यांपैकीं कोणाचेंहि काम भागलेलें नाहीं. अग्नींतून आलेल्या जालंदरासहि गुरु करावा लागला आणि विद्या शिकावी लागली. जन्म केवळ दार उघडतो.

औषधीच्या वाटेची आठवण वनस्पतींच्या नांवांत उरली आहे. गोरखमुंडी ही रानांतील औषधी, आणि अजस्र बुंध्याची गोरखचिंच, यांना गोरक्षनाथांचें नांव मिळालें आहे. पारा मारून त्याचें रसायन करणारे, हलक्या धातूचें सोनें करूं पाहणारे जे किमयागार होऊन गेले, त्यांचीहि वाट हीच. या विद्येचा नियम असा कीं, येथें सामर्थ्य वस्तूच्या गुणांत असतें. ती देणाऱ्याच्या पुण्याईवर तें अवलंबून नसतें.

तिसरी वाट मंत्राची. गर्भगिरीची खरी कीर्ति तिच्यामुळें आहे. नाथांच्या मंत्रविद्येस शाबरी विद्या म्हणतात. तिचे मंत्र लोकांच्या बोलींत असतात. त्यांस संस्कृताची किंवा जातीच्या अधिकाराची अट नाहीं. अट आहे ती गुरूची आणि आणेची. मच्छिंद्रांनीं ही विद्या सप्तशृंगीच्या अंबिकेच्या कृपेनें रचली. परंतु रचना पुरी होतांच मंत्र फळले नाहींत. ज्या ज्या दैवताचें नांव मंत्रांत गोंवलें होतें, त्याची त्याची प्रसन्नता त्यांना मिळवावी लागली. शब्द हा जणूं करार आहे. दुसऱ्या पक्षाची संमति पडेपर्यंत तो कोराच.

मंत्रानें भारलेलें भस्म हें या विद्येचें दुसरें साधन. पुत्रासाठीं दिलेलें भस्म एका स्त्रीनें अविश्वासानें उकिरड्यांत टाकलें. बारा वर्षांनीं मच्छिंद्र परत आले, त्यांनीं हांक दिली, आणि त्याच उकिरड्यांतून गोरक्ष बाहेर आले. मंत्राची शक्ति वायां जात नाहीं. ती पडेल तेथें वाट पाहत राहते, असा यांतील नियम आहे.

या शाखेची कसोटी मात्र दुसऱ्याच एका कथेंत लागते. गोरक्ष आणि कानिफ यांची रानांत गांठ पडली. कानिफांनीं मंत्रबळानें पिकलेलीं फळें झाडांवरून तोडून समोर आणविलीं. गोरक्षांनींहि तसेंच केलें. भोजन झाल्यावर गोरक्ष म्हणाले, उरलेलीं फळें जेथल्या तेथें पुन्हा लावून द्यावीं. कानिफांनीं सांगितलें कीं हें होणें नाहीं. तुटलेलें फळ देठास जोडणें ब्रह्मदेवाच्याहि हातचें नव्हे. गोरक्षांनीं तीं फळें झाडांस जोडून दाखविलीं. दोघेहि सिद्ध, दोघांपाशीं एकाच घराण्याची विद्या. तरी कथेनें दोघांमधला भेद तोडण्यांत दाखविला नाहीं, जोडण्यांत दाखविला. हें माप एकदां हातीं आलें म्हणजे पुढच्या सर्व कथा त्यानें मोजतां येतात.

सोन्याची कथाहि याच मापाची आहे. स्त्रीराज्यांतून परततांना मच्छिंद्रांनीं झोळींत सोन्याची वीट घेतली होती. गोरक्षांनीं ती रानांत भिरकावून दिली, आणि गुरूंस दुःख झालेलें पाहून मंत्रानें डोंगरच सोन्याचा केला. तें सोनें साधुसंतांना जेवूं घालण्यासाठीं हवें होतें, असें मच्छिंद्रांनीं सांगितलें. मग गर्भगिरींत मोठें अन्नसंतर्पण झालें. स्वतः शंकर वृद्धाचें रूप घेऊन त्या पंक्तीस आले, म्हणून तो वृद्धेश्वर, असें तेथील परंपरा सांगते. सोन्याचा डोंगर आज कोणास दिसत नाहीं. पंक्तीची आठवण मात्र राहिली आहे.

चौथी वाट तपाची. तिच्यासाठीं गर्भगिरि सोडून उत्तरेस गोदावरीकांठीं पुणतांब्यास जावें लागतें. तेथें चांगदेवांची समाधि आहे. योगबळानें काळाला चुकवीत चांगदेव चौदाशें वर्षें जगले, अशी कथा आहे. येथें करार नाहीं आणि दैवताची मनधरणीहि नाहीं. देहाला आणि श्वासाला आवरून शक्तीचा सांठा करावयाचा. या सांठ्याच्या जोरावर चांगदेव वाघावर बसले आणि त्यांनीं हातीं सापाचा चाबूक घेतला. परंतु ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयाची वेळ आली तेव्हां मायना काय लिहावा हेंच त्यांना सुचेना. वयानें लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, कीं ज्ञानानें वडील म्हणून नमस्कार लिहावा? शेवटीं कोरा कागद गेला. इतकीं वर्षें जगून चांगदेव कोरेच राहिले, असें मुक्ताबाईंनीं म्हटल्याचें सांगतात. त्या कोऱ्या पत्रास ज्ञानेश्वरांनीं पांसष्ट ओव्यांचें उत्तर पाठविलें. तीच ‘चांगदेव पासष्टी’. तपानें काळ जोडतां आला. एका माणसाशीं नातें जोडावयाचें म्हणतांच तें सामर्थ्य अपुरें पडलें.

पांचवी वाट समाधीची, आणि तिचें ठिकाण प्रवरेकांठचें नेवासें. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं ज्ञानेश्वरांनीं येथें गीतेवर निरूपण केलें. ज्या खांबाला टेकून ते बसले तो खांब आजहि दाखविला जातो. ज्ञानेश्वर नाथघराण्यांतलेच. आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति, आणि मग ते, अशी परंपरा त्यांनीं ग्रंथाच्या शेवटीं स्वतः सांगितली आहे. सहाव्या अध्यायांत कुंडलिनी जागी होण्याचें वर्णन करतांना दूरचें दिसणें, दूरचें ऐकूं येणें, या सिद्धि त्यांनीं ओझरत्या उल्लेखिल्या आणि ते पुढें निघून गेले. पतंजलीनेंहि सिद्धींना समाधीच्या वाटेवरचे अडथळेच म्हटलें आहे. या शाखेंत शक्तीची किंमत अशी कीं, ती मिळाल्यावर तिच्यापाशीं थांबावयाचें नाहीं.

नेवाशाची लोककथाहि याला साजेशी आहे. एक स्त्री पतीच्या प्रेताबरोबर सती जाण्यास निघाली होती. मृताचें नांव सच्चिदानंद असें ऐकून ज्ञानेश्वरांनीं विचारलें कीं, सत्, चित् आणि आनंद यांस मरण कसें येईल? तो मनुष्य उठून बसला. पुढें त्यानेंच ज्ञानेश्वरी लिहून घेतली. लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचें नांव ग्रंथाच्या अखेरीस आहे हें खरें. पुनर्जीवनाची कथा लोकांनीं त्याच्याशीं जोडली. लोकांना येथें चमत्कार हवा होता. पण परत आलेल्या प्राणास त्यांनीं काम दिलें तें लेखणीचें.

कथांचें जग येथें संपतें, आणि त्याची हद्द नीट ओळखणें प्राणाशीं गांठ आहे. नेवाशाच्या परिसरांत उंसाला रात्रीं पाणी देतांना माणसाच्या पायाला साप चावतो, तेव्हां गोरक्षांची फळें कोणाच्याहि कामीं येत नाहींत. पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापाचा दंशहि कधीं कधीं कोरडा पडतो. अशा वेळीं माणूस वांचतो आणि यश मंत्राच्या नांवावर जमा होतें. परंतु नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसें यांचें विष खरोखर अंगांत भिनलें, तर मांत्रिकाच्या दारांत गेलेला प्रत्येक तास रोग्याच्या आयुष्यांतून वजा होतो. तुटलेलें फळ जोडून देण्याचें सामर्थ्य त्या मांत्रिकापाशीं नसतें.

महाराष्ट्रांत याविषयीं कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षें झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विधिमंडळानें जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याच्यावर मंत्रतंत्र व गंडेदोरे करणें हा त्या कायद्यानें गुन्हा ठरला. मढीच्या यात्रेस किंवा नवनाथांच्या पोथीस या कायद्यानें हात लावलेला नाहीं. कथा कथेच्या जागीं राहिली. अंगणांत तडफडणारा माणूस दवाखान्याच्या वाटेस लागावा, एवढेंच त्यानें पाहिलें.

त्या वाटेच्या शेवटीं जें प्रतिविष टोंचलें जातें, तें घोड्यांना थोडें थोडें विष देऊन त्यांच्या रक्तापासून तयार होतें. मुंबईच्या हाफकिन संस्थेंत तें दीर्घ काळ तयार होत आलें आहे. त्याला आण लागत नाहीं, गुरु लागत नाहीं, आणि टोंचणाऱ्या परिचारिकेचा जन्म कोठें व कसा झाला हेंहि पाहावें लागत नाहीं. तें फक्त वेळेवर मिळावें लागतें. प्राचीनांच्या वर्गवारींत तें औषधीच्या शाखेंत बसेल. पतंजलीनें आपल्या पांच वाटांचा क्रम कोणत्याहि हेतूनें लावलेला असो, त्या यादींत औषधि मंत्राच्या आधीं आली आहे; आणि ज्याच्या घरीं अशी रात्र येईल त्यानें तोच क्रम पाळावयाचा आहे.