वेष्टनावरचीं नांवें

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील बारीक अक्षरें सहसा कोणी वाचीत नाहीं. परंतु वादकाचें श्रेय तेथेंच नोंदलें जातें. ऑझी ऑस्बोर्न या इंग्रज गायकाची ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ ही हेवी मेटल संगीताची तबकडी १९८१ सालीं निघाली. तींत बास गिटार वाजविली बॉब डेझ्लीनें, ड्रम ली कर्स्लेकनें. वेष्टनावर मात्र नांवें नि छायाचित्रें छापलीं मागाहून आलेल्या रूडी सार्झो व टॉमी ऑल्ड्रिज यांचीं! हा अन्याय एवढ्यावर थांबता तरी बरें. २००२ च्या आवृत्तींत त्या दोघांचें वादनच पुसून रॉबर्ट ट्रुहियो व माइक बॉर्डिन यांच्याकडून नव्यानें वाजवून घेतलें. मूळ वादन परतलें २०११ सालीं. तेव्हां संग्रहाची सूची करणारास नुसतें शीर्षक व साल लिहून भागणार नाहीं. हातांतली आवृत्ति कोणती, हें लिहावें. आणि छापलेलीं नांवें व प्रत्यक्ष वाजविणारांचीं नांवें निरनिराळीं नोंदावीं.