नारिंगी वायर

संगणकाला पाच स्पीकर आणि एक सबवूफर जोडायचा, तर तीन रंग लक्षात ठेवावेत. सहसा हिरव्या सॉकेटवर पुढचे दोन स्पीकर, काळ्यावर मागचे दोन आणि नारिंगीवर मधला स्पीकर व सबवूफर. गुलाबी सॉकेट माईकचं. मग आवाजाच्या सेटिंगमध्ये '५.१' निवडून एकेक स्पीकर वाजवून पाहावा.

मी शब्दांचा माणूस, म्हणून माझा जीव नारिंगी वायरीत. ५.१ ध्वनीच्या सिनेमात बहुतेक संवाद मधल्या स्पीकरकडे पाठवलेले असतात. सेटिंग ५.१ असताना ही पिन निसटली, तर पाऊस कोसळतो, घोडे दौडतात, संगीत घुमतं. माणसं मात्र नुसते ओठ हलवतात.

आमच्या अम्मीला कमी ऐकू येतं. सगळाच आवाज वाढवला की गलकाही वाढतो. 'काय म्हणाला रे?' असं विचारणंही तिनं सोडून दिलं होतं. सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा ठेवता येतो. मी मधला चढवला, मागचे दोन उतरवले. मधला पडद्याखाली, तोंड तिच्याकडे. सबवूफर टेबलाखाली, खोल आवाजाची दिशा कानाला फारशी कळत नाही. आता विनोदावर अम्मी आमच्याबरोबरच हसते, आम्हाला पाहून नव्हे.

तेव्हा स्पीकर जुळवताना घरात ज्याला कमी ऐकू येतं, त्याला आधी मधल्या खुर्चीत बसवा. त्यानं मान डोलावली, की जोडणी झाली समजा.