अपुरें चित्र

रंगीत पेन्सिलींची पेटी ज्या घरांत असते, त्या घरांत अपुऱ्या चित्रांचा एखादा गठ्ठाही बहुधा सांपडतो. डोंगर रंगलेला असतो आणि आकाश कोरें असतें. मोराची मान निळीशार झालेली असते आणि पिसारा नुसत्या रेघांचा राहिलेला असतो. वडील माणसें तो गठ्ठा पाहून म्हणतात, “पोराला चिकाटी म्हणून नाहीं!” हा निवाडा घाईचा आहे. चित्र अपुरें कां राहतें हें समजावयाचें असेल, तर जें अपुरें ठेवून चालतच नाहीं अशा चित्राकडे पाहणें बरें. असें चित्र पालघर जिल्ह्यांत आहे. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी या डोंगराळ मुलखांत वारली लोकांची वस्ती आहे आणि त्यांच्या लग्नघरच्या भिंतीवर तें काढलें जातें.

लग्न ठरलें कीं भिंत शेणामातीनें सारवून गेरूनें तांबडी करतात. तांदूळ वाटून त्यांत पाणी घातलें कीं रंग झाला. बांबूची काडी टोकाशीं चावून मऊ केली कीं कुंचला झाला. सवाशिणी या साहित्यानें चौक लिहितात. मधोमध पालघट देवी, तिच्या भोंवतीं नक्षीची चौकट, आणि बाहेर झाडें, माणसें, पशुपक्षी. परंपरेप्रमाणें चौकावांचून लग्न लागत नाहीं. वऱ्हाड यावयाचें आहे आणि चौकट अर्धीच राहिली आहे, असें तेथें होऊन चालत नाहीं.

आतां रंगीत पेन्सिलीकडे वळावें. हें साधन मुळांतच संथ आहे. मेणांत किंवा तेलांत बांधलेलें रंगद्रव्य कागदाच्या खरबरीतपणावर थोडेंथोडें बसतें; गडद छटा हवी असेल तर थरावर थर द्यावे लागतात. त्यामुळें मधल्या टप्प्यांत चित्र फिकट आणि ठिगळें लावल्यासारखें दिसतें, आणि बहुतेकांचा हात नेमका तेथेंच थांबतो. चौक लिहिणारीलाही असाच टप्पा ओलांडावा लागतो. ओलें पीठ भिंतीवर धड उमटलेलें दिसत नाहीं. वाळल्यावरच तें पांढरें उठून येतें. पण आई-मावशीच्या हाताखालीं बसून तिनें तें पाहिलेलें असतें, म्हणून ती घाबरत नाहीं. शहरांतल्या मुलाला मात्र कोणीं सांगितलेलें नसतें कीं हा फिकेपणा कामाचाच एक भाग आहे. त्याला वाटतें, चित्र बिघडलें.

शिवाय चौक एकटीचा नसतो. अनेक हात लागतात, गाणीं चाललेलीं असतात. पेन्सिल घेऊन बसलेलें मूल मात्र खोलींत एकटें असतें.

यावर कोणी म्हणेल, मग दिवस नेमून द्यावा, झालें! महाराष्ट्रांतील हजारों मुलें एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात आणि नेमल्या वेळांत चित्र आटोपतात. तीच मुलें घरचें चित्र महिनोन् महिने तसेंच ठेवतात. तेव्हां मुदतीनें काम होतें हें खरें. परंतु परीक्षेचा कागद तपासला जातो, आणि चौकाची वाट पाहिली जाते. पहिल्यानें हात भीतीनें चालतो व परीक्षा संपली कीं थांबतो. दुसऱ्यानें हात चालतो, कारण कोणाला तरी त्या चित्राची गरज आहे.

मग लग्नाचें निमित्तच नाहींसें झालें तर? वारली चित्रकलेवर हा प्रसंग आला. १९७०च्या दशकाच्या आरंभीं भास्कर कुलकर्णी या चित्रकारानें वारल्यांच्या हातीं कागद दिला. डहाणू तालुक्यांतील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनीं लग्नाची वाट न पाहतां चित्रें काढलीं आणि पुढें २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. लहानपणीं आई गेल्यावर त्यांची वाचा बंद झाली होती व ते धुळींत चित्रें काढून मनांतलें सांगत, असें त्यांच्याविषयीं सांगतात. ज्याला चित्रानेंच बोलावयाचें आहे, त्याला तें अर्धें सोडून कसें चालेल? त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत सारा पट व्यापणारें जाळें आढळतें. तें एका झटक्याचें काम नव्हे. बारीक रेघेला बारीक रेघ जोडीत तें पसरत गेलेलें आहे.

घरांतल्या वडील मंडळींनीं यांतून काय घ्यावें? चित्र लहान असूं द्यावें. पोस्टकार्डाएवढा कागद पुष्कळ झाला. प्रथम चौकट ठरवावी, मग एका बैठकींत एकच कोपरा रंगवावा. मधला फिकेपणा येणार, हें आधींच सांगून ठेवावें. जवळ बसून पेन्सिलींना टोंक काढून द्यावें. आणि मुख्य म्हणजे, पहिली रेघ ओढण्यापूर्वीं तें चित्र कोणाकडे आणि कोणत्या दिवशीं जावयाचें हें ठरवावें. भाऊबीजेला मामाकडे जाणारा मोर असेल, तर त्याचा पिसारा रंगल्यावांचून राहणार नाहीं. मात्र मामानेंही तो मागितलेला असला पाहिजे.