लंका की व्हिएतनाम?

रविवारची वर्तमानपत्रं परदेशी सहलींच्या जाहिरातींनी भरलेली असतात. सात रात्री, आठ दिवस, सकाळचा नाश्ता धरून. दोन जाहिराती शेजारी ठेवल्या की दोन देश साबणाच्या दोन वड्यांसारखे दिसू लागतात. किंमत पाहायची आणि एक उचलायची. पण मित्रहो, देश असा उचलता येत नाही. आमच्या घरी गेले दोन महिने श्रीलंका की व्हिएतनाम हा वाद चालू आहे, म्हणून त्याविषयीच चार शब्द बोलतो.

माझी पत्नी शिक्षिका. यंदा निवृत्त झाली. हाती आलेल्या रकमेतून तिने एका परदेश प्रवासापुरते पैसे बाजूला ठेवले. एकाच प्रवासापुरते. कवितेच्या मानधनावर आम्ही फार तर शेजारच्या तालुक्यापर्यंत पोहोचलो असतो!

पहिला प्रश्न महिन्याचा. आपल्याकडे माणसं दिवाळीत किंवा मे महिन्यात निघतात. दिवाळीच्या सुमारास लंकेत जवळजवळ सगळीकडे पाऊस असतो. व्हिएतनामच्या मध्यभागी तर तेव्हा ऐन पावसाळा. होई आन या जुन्या बंदराच्या गल्ल्यांत अनेकदा नदीचं पाणी शिरतं. मे महिन्यात होई आन कोरडं, पण ऊन कडक. लंकेत मेच्या अखेरीस कोलंबो आणि गॉलकडे नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो, तेव्हा त्रिंकोमालीचा पूर्व किनारा मात्र कोरडा असतो. शाळेची घंटा सुटलेल्या आमच्यासारख्यांना मार्च बरा. तो दोन्हीकडे चालतो.

दुसरा प्रश्न अंतराचा. लंका महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. आठ दिवसांत कोलंबो, कँडी, अनुराधापुरा निवांत होतं. डोंगरातली रेल्वे हे तिथलं मोठं आकर्षण. पण नोव्हेंबर २०२५ मधल्या चक्रीवादळाने त्या मार्गाचं बरंच नुकसान केलं, तेव्हा गाडी कुठवर जाते हे आधी विचारून घ्यावं. व्हिएतनाम मात्र लांबच लांब. हनोई ते सायगाव रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा, प्रवास तीस तासांहून जास्त. तिथे सगळं पाहीन म्हणणाऱ्याचे दिवस विमानतळावरच सरतात. हनोई आणि होई आन, एवढंच धरावं.

भाषेच्या बाबतीत लंका घरची वाटते. सिंहली आपल्याच भाषाकुळातली. दाताला ‘दत’, हाताला ‘अत’, कानाला ‘कन’. व्हिएतनामी लिपी रोमन असल्याने अक्षरं ओळखू येतात, पण एकच अक्षरसमूह सहा सुरांत म्हटला तर सहा अर्थ होतात. तिथे बोटाने दाखवणं उत्तम.

जेवणाचं म्हणाल, तर लंकेत भात, नारळ, मासे. हलाल जेवणही सहज मिळतं. व्हिएतनाममध्ये नुसत्या भाजीतही माशांचं आंबवलेलं पाणी असू शकतं आणि सूप बहुधा हाडांचं. शाकाहारी मंडळींनी ‘चाय’ हा शब्द पाठ करावा. तो चहा नव्हे. त्याचा अर्थ शाकाहारी जेवण. तिथले अनेक बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असंच जेवतात. आमच्यापुरती सोय म्हणजे हनोईच्या जुन्या पेठेतली मशीद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून गेलेल्या व्यापाऱ्यांनी ती बांधली. तिथे हलाल खाणावळीची चौकशी तरी करता येईल.

इथवर पारडं लंकेकडे झुकलं होतं. त्यात माझा जीव अडकला होता सिगिरियात. पाचव्या शतकातला कश्यप राजाचा तो प्रचंड खडक. चढणीच्या वाटेवर एक गुळगुळीत भिंत आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आलेल्या प्रवाशांनी वरच्या चित्रांतल्या स्त्रियांना पाहून तिच्यावर कविता कोरल्या. काही कविता बायकांच्याही आहेत. सेनरत परणवितान या विद्वानाने त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. कवीला याहून मोठं तीर्थ कुठलं?

पण माथ्यापर्यंत बाराशेच्या आसपास पायऱ्या. भिंतीपर्यंत जायचं तरी शेकडो चढाव्या लागतात. पत्नीचे गुडघे पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभे राहून झिजलेले. ती म्हणाली, “तुम्ही वर जा, मी खाली पिशव्या सांभाळत बसते.” हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सहज म्हणाली. मुलगी तिथेच होती. म्हणाली, “अब्बा, पैसे अम्मीचे आणि पिशव्याही अम्मीनेच सांभाळायच्या?”

मग मी व्हिएतनामकडे नीट पाहिलं. हनोईत १०७० साली स्थापन झालेलं साहित्यमंदिर आहे. सगळं सपाटीवर, अंगणामागून अंगणं. दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत, १४४२ ते १७७९ या काळात राजपरीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं त्यांवर कोरलेली. आयुष्यभर निकालपत्रकं लिहिलेल्या बाईला हे दाखवावं असं मला वाटलं. होई आनचा जुना भागही पायीच हिंडण्याचा, तोही सपाट. जवळ माय सनला चाम राजांची शिवमंदिरं आहेत. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बफेकीत त्यांतली मोठी वास्तू पडली. उरलेल्यांपैकी काहींची दुरुस्ती आपल्या पुरातत्त्व खात्याने केली.

तर आमचं मार्चमध्ये व्हिएतनाम ठरलं. दुसऱ्या कुणाचं उत्तर लंका येईल, आणि तेही बरोबरच असेल. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी सिगिरिया जरूर चढावं. एवढंच सांगतो, की दोन देशांतून एक निवडताना तिथे काय पाहण्यासारखं आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, बरोबर कोण येणार आहे, आणि तिला तिथे किती वेळ खाली बसून राहावं लागेल.